चावीआधी हाताने दोन फेरे



लष्करातून निवृत्त झालेला माणूस बोलायला उभा राहिला की लोकांना लढाईची गोष्ट हवी असते. आज मी गाडीतल्या एका रबरी पट्ट्याची गोष्ट सांगणार आहे. मी बी.एस्सी. होऊन पायदळात गेलो, म्हणजे इंजिनिअर नाही. सध्या मुक्काम एन्नोर. चेन्नईच्या उत्तर टोकाला, एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे कोसस्थलैयार नदीची खाडी. मुलगी इथल्या बंदरात नोकरीला, म्हणून आम्ही दोघंही इथे.

आमची गाडी जुनी सँट्रो. तीही चेन्नईचीच, श्रीपेरुंबुदूरकडच्या कारखान्यात तयार झालेली. गाडी माझ्या पत्नीच्या नावावर आहे आणि तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला फिजिओथेरपीला शहरात न्यायला तीच एक सोय.

डिसेंबर २०२३ मध्ये 'मिचाँग' चक्रीवादळाचा पाऊस झाला. आमच्या गल्लीत पाणी शिरलं आणि त्या पाण्यावर तेलाचा तवंग होता. खाडीत पसरलेल्या त्या तेलाच्या बातम्या तुम्ही पाहिल्या असतील. कोळ्यांच्या होड्या, जाळी काळी पडली. त्यांच्या नुकसानीपुढे माझ्या गाडीचं काय! पण दोन दिवस ती त्या पाण्यात अर्ध्या चाकापर्यंत उभी होती. नंतर सुरू झाली, चालू लागली, आणि मी विसरलो. पुढे एकदा जुनी कागदपत्रं चाळताना लक्षात आलं, की टायमिंग बेल्ट बदलायचं अंतर केव्हाच उलटून गेलं आहे. त्यात रबराचे दोन शत्रू, तेल आणि वय, दोन्ही हजर.

हा पट्टा करतो काय? खाली क्रँकशाफ्ट, तिच्यामुळे पिस्टन वरखाली होतात. वर कॅमशाफ्ट, ती व्हॉल्व्ह उघडते आणि मिटते. खालची दोन फेरे फिरते तेव्हा वरची एक. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी चालत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो. हा मेळ पूर्वी गिअर किंवा साखळी राखत असे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या ग्लास कंपनीने आपल्या मोटारीत दातेरी रबरी पट्टा घातला आणि मग तो जगभर पसरला. हलका, स्वस्त, आवाज नाही. पण तुटताना आधी सांगत नाही. आमच्या इंजिनात तो चालत्या गाडीत तुटला, तर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं. त्या दुरुस्तीचा खर्च आमच्या गाडीच्या किमतीच्या आसपास गेला असता. म्हणजे गाडी भंगारात आणि पत्नीचं शहरात जाणं बंद.

मी ठरवलं, घरीच बदलायचा. पैशांचा प्रश्न होता, पण खरं कारण वेगळं होतं. नोकरीत काही काळ मी पलटणीचा एमटीओ होतो, म्हणजे गाड्यांचा जिम्मा माझ्याकडे. पहिली परेड, हॉल्ट परेड, शेवटची परेड. प्रत्येक तपासणीच्या कागदावर माझी सही. शेकडो सह्या केल्या. पाना मात्र कधी हातात धरला नाही. आमचा एक हवालदार हसून म्हणायचा, "साहेब, हात माझे, सही तुमची." तेव्हा मीही हसायचो. साठी उलटल्यावर ते वाक्य टोचायला लागलं.

पत्नी म्हणाली, "अहो, हौस तुमची, पण गाडी माझी आहे हे लक्षात ठेवा."

जी. पी. रोडवरून नवा बेल्ट आणि टेन्शनरचं बेअरिंग आणलं. चेन्नईत पुदुपेट्टैचा जुन्या सुट्या भागांचा बाजार प्रसिद्ध आहे, पण हा पट्टा जुना कधीही घेऊ नये. शनिवारी सकाळी बॅटरीची तार सोडली, चालकाच्या बाजूचं पुढचं चाक काढलं, गाडी स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका, हे मी हुकूम म्हणूनच सांगतो.

क्रँकच्या पुलीचा बोल्ट काही हलेना. एन्नोरच्या खाऱ्या हवेत बोल्ट गंजतात लवकर. शेवटी गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली, पत्नीला आत बसवून ब्रेक दाबायला लावला, पान्याला लांब पाइप जोडला आणि अंगाचा सगळा भार दिला. कडाड् असा आवाज आला. मला वाटलं, माझी कंबर! पण बोल्ट सुटला होता. ती खाली उतरल्यावर ऑइल पॅनखाली लाकडाची फळी ठेवून जॅकने इंजिनाला आधार दिला, बाजूचं माउंटिंग सोडलं, कव्हर काढलं.

आता कॅमच्या चाकावरची खूण हेडवरच्या खुणेला आणि क्रँकच्या चाकावरची खूण ऑइल पंपाच्या अंगावरच्या खुणेला जुळवायची. मग टेन्शनर सैल करून पट्टा काढायचा. काढलेला पट्टा उलटा वाकवून पाहिला. दात्यांच्या बुडाशी बारीक भेगा होत्या, एक कड फुगून मऊ झाली होती. किती दिवस टिकला असता, कोण जाणे. त्याच पट्ट्यावर मी पत्नीला दर आठवड्याला शहरात नेत होतो.

रविवारी नवा पट्टा चढवला. दोन्ही खुणा जुळल्या. टॉर्च घेऊन तीनदा पाहिलं. अगदी बरोबर. टेन्शनर कसला, माउंटिंग लावलं, बॅटरी जोडली आणि चावी हातात घेतली.

शेजारचे अण्णा कठड्यावर बसून कॉफी पीत होते. ते इथल्या लेलँडमधून निवृत्त झालेले. एन्नोरला मोटारी नव्या नाहीत. १९४८ मध्ये सुरू झालेल्या अशोक मोटर्सने इथे आधी ऑस्टिन गाड्या जोडल्या, १९५५ मध्ये तिचं नाव अशोक लेलँड झालं. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या घरांत पाने आहेत. दोन दिवस अण्णांनी एक शब्द काढला नव्हता. आता म्हणाले, "सार, चावी वेण्डाम. कैयाल सुत्तुंग, रेंडु तडवै." चावी नको, हाताने फिरवा, दोन वेळा.

खरं सांगतो, मला राग आला. तीनदा तपासलं होतं ना! पण पाना घातला, घड्याळाच्या दिशेने सावकाश दोन फेरे दिले. क्रँकची खूण जागेवर आली. कॅमची एका दात्याने मागे.

एका दात्याने व्हॉल्व्ह बहुधा वाकले नसते. पण इंजिन अडखळत, ताकद गमावून चाललं असतं आणि मी दोष भलतीकडेच शोधत बसलो असतो. शिवाय एक दाता चुकणारा माणूस तीनही चुकू शकतो, आणि तिथे व्हॉल्व्ह वाचले नसते.

चूक कुठे झाली? पट्ट्याची एक बाजू ताणलेली हवी आणि सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला. माझ्याकडून थोडी ढील ताणाच्या बाजूला राहिली होती. उभ्या इंजिनात खुणा जुळलेल्या दिसल्या. फिरवताच ती ढील सरकली आणि खूण हलली. डोळ्यांनी शंभरदा पाहूनही हे कळलं नसतं. थांबलेलं इंजिन तपासून ते चालण्याबद्दल काही कळत नाही.

पुन्हा माउंटिंग सोडलं, पट्टा उतरवला. या वेळी ताणाची बाजू आधी घट्ट धरून पट्टा चढवला, मग टेन्शनर. दोन फेरे. जुळलं. आणखी दोन फेरे अण्णांनी स्वतः दिले, मान डोलावली. मग चावी फिरवली. पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं, शांत. एन्नोर एक्स्प्रेस रोडने तिरुवोट्टियूरपर्यंत जाऊन आलो. मंगळवारी फिजिओथेरपी चुकली नाही.

तुम्ही करणार असाल तर आधी तुमच्या गाडीत पट्टा आहे की साखळी, ते पाहा. टेन्शनर साधा नसेल, किंवा खुणा कुठे असतात याची खात्री नसेल, तर सरळ गॅरेजला द्या. त्यात कमीपणा नाही. पण घरी करा वा गॅरेजला, चावीआधी हाताने दोन फेरे, आणि ते फेरे पाहायला दुसरा माणूस.

लष्करात काम करणारा वेगळा आणि सही करणारा वेगळा का, हे मला तिथे असताना कळलं नाही. मला वाटायचं, सही म्हणजे अधिकार. ती खरं तर दुसरी नजर होती, आणि मी कित्येकदा न पाहताच ती दिली असेन. त्या हवालदाराच्या हातांनी माझ्या सह्या सांभाळल्या.

गाडीत आता एक वही ठेवली आहे. तारीख, किलोमीटर, काम कोणी केलं, तपासलं कोणी. पहिल्या नोंदीत काम करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव आहे. तपासणाऱ्याच्या रकान्यात अण्णांची तमिळमधली सही आहे. मला ती वाचता येत नाही, पण तिच्यावर माझा भरवसा आहे.

जय हिंद.