वाऱ्याचा काटा खोटं बोलू लागला तर

शिडाच्या बोटीवर वाऱ्याचा काटा थंडावला की लोक आधी डोलकाठीकडे बघतात. बघावं ते खाली, बुंध्याशी. तिथल्या वायरच्या जोडणीत खारं पाणी शिरतं आणि तांब्याला कळंक चढतो. बहुतेक दुखणी इथंच सापडतात.

काटा चालतो, पण चुकीचं दाखवतो, हे जास्त घातक. वर बसवलेलं यंत्र किंचित तिरकं असलं की असं होतं. वारा स्थिर आणि पाणी शांत असताना बोट वाऱ्याला शक्य तितकी भिडवून चालवा. आधी उजव्या अंगावर वारा घेऊन, मग डाव्या. एकीकडे 33 अंश आणि दुसरीकडे 39 आले, तर फरक 6. दुरुस्ती मात्र निम्मी, 3 अंशांची. एका फेरीवर भागवू नका, सरासरी काढा.

वेगाची परीक्षा सोपी. अगदी निवांत हवेत इंजिनावर 5 नॉट वेगाने गेलात, तर वाऱ्याचा काटाही 5 च्या आसपास हवा. कमी दाखवला, तर वर वारा मोजणाऱ्या फिरत्या वाट्यांच्या बेअरिंगमध्ये मीठ साचलेलं असू शकतं.

ते बघायला डोलकाठीवर चढावंच लागेल. पण दुसरी सुरक्षादोरी बांधल्याशिवाय पाय उचलू नका.