मुलांना लिहिते करण्यासाठी

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या काही भगिनी संध्याकाळी वस्तीतील मुलांचा अभ्यास घेतात. त्यांपैकी मराठी शिकविणाऱ्या दोघीतिघींनी मला एक अडचण सांगितली व तिच्यावरच आज बोलावे असा आग्रह धरला. अडचण अशी की, मुले बोलावयास लागली म्हणजे थांबत नाहीत. परंतु ‘दहा ओळी लिहा’ म्हटले की तीच मुले पेन्सिलीचे टोक चावीत बसतात. निबंध सांगावा तर गाइडातून उतरवून आणतात. आता तर मोबाईलला विचारले की सबंध निबंध क्षणात तयार मिळतो. मग मुलांना लिहिण्याची गोडी लावावी तरी कशी?

आपण थोडे मुलाच्या जागी बसून पाहू या. बोलताना मुलापुढे ऐकणारे माणूस असते. ते हसते, ‘मग काय झाले?’ असे विचारते. वर्गातल्या निबंधाला असे माणूस मिळत नाही. ‘माझी आई’ हा निबंध चाळीस मुले लिहितात, बाई चाळीस वह्या तांबड्या शाईने तपासतात, आणि या मुलाची आई आहे तरी कशी, हे जाणून घेण्याची उत्सुकता कोणालाच नसते. मुलाला हे बरोबर कळते. ज्याची कोणी वाट पाहत नाही असे पत्र आपण तरी लिहू का? म्हणून वर्गात कोणताही उपक्रम घेण्यापूर्वी मी एकच गोष्ट विचारते : हे लिहिलेले खरोखर वाचणार कोण?

वाचणारे असले म्हणजे काय होते, याची उदाहरणे आपल्याकडेच आहेत. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मांग समाजातील ही चौदा वर्षांची मुलगी. शिक्षण झाले होते जेमतेम तीन वर्षे. पण तिला काही सांगावयाचे होते आणि ते समाजाने ऐकावे अशी तिची तळमळ होती. सानेगुरुजी अमळनेरला शिक्षक असताना ‘छात्रालय’ नावाचे दैनिक वसतिगृहातील मुलांसाठी स्वतः हाताने लिहून काढीत. जो शिक्षक स्वतः लिहितो, त्याला मुलांना ‘लिहा’ म्हणण्याचा अधिकार असतो.

फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला इजा झाली होती. वर्गात फार वेळ मोठ्याने बोलणे त्यांना जमत नसे. १९२४ साली त्यांनी आपल्या खेड्यातील शाळेत एक लहानसा छापखाना आणला. मुलांनी आपल्या मनचे लिहावे, त्यांतले कोणते छापावयाचे ते सर्वांनी मिळून निवडावे, फळ्यावर ते नीटनेटके करावे आणि मग खिळे जुळवून छापावे, असा क्रम ठेवला. पुढे ती छापील पाने ब्रिटनी प्रांतातल्या समुद्रकाठच्या एका शाळेला जाऊ लागली आणि तिकडची पाने इकडे येऊ लागली. डोंगरातल्या मुलांना समुद्रकाठचे वाचक मिळाले!

तुम्ही म्हणाल, आपल्या एका खोलीच्या वर्गात छापखाना कोठून आणावयाचा? त्याची गरज नाही. घरच्या सामानात होणारे चार उपक्रम सांगते.

पहिला पिशवीचा. कापडी पिशवीत चमचा, किल्ली, चिंचोका, लाटणे अशा वस्तू घालाव्या. मुलाने आत हात घालून एक वस्तू चाचपावी आणि तिचे नाव न घेता पाच वाक्ये लिहावी. इतरांनी ती वाचून वस्तू ओळखावी. ओळखता आली नाही तर लिहिणारा आपण होऊन सहावे वाक्य जोडतो. वर्णन म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

दुसरा सरबताचा. लिंबाचे सरबत कसे करावे ते मुलांनी लिहावे आणि बाईंनी कागदावर असेल तेवढेच करावे. ‘लिंबू पिळा’ असे लिहिले आणि ते कापावयाचे राहून गेले, तर बाईंनी अख्खे लिंबूच दाबीत बसावे. हशा पिकतो आणि मूल धावत जाऊन वाक्य दुरुस्त करते. क्रम आणि नेमकेपणा यांचा असा धडा पुस्तकात सापडणार नाही.

तिसरा आजीच्या आठवणींचा. प्रत्येक मुलाने घरातल्या किंवा शेजारच्या वडील माणसाला तीन प्रश्न विचारावे : लहानपणी पाणी कोठून आणीत होता? शाळा किती वर्षे झाली? ती का सुटली? उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी व ज्यांची आहेत त्यांना वाचून दाखवावी. हे कोणताही मोबाईल लिहून देणार नाही, कारण आजीने जे सांगितले ते फक्त त्या नातवालाच ठाऊक असते.

चौथा चिठ्ठ्यांचा, थोड्या मोठ्या मुलांसाठी. इटलीत बार्बियाना नावाच्या डोंगराळ वस्तीत लोरेंझो मिलानी हे धर्मगुरू गरीब मुलांना शिकवीत. तेथील आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेला लिहिलेले दीर्घ पत्र १९६७ साली पुस्तकरूपाने निघाले. नापास होऊन शाळेबाहेर पडणाऱ्या मुलांची बाजू त्यांनी त्यात मांडली होती. त्यांची रीत सोपी होती. सुचेल तो एकेक विचार एकेका चिठ्ठीवर लिहावयाचा, सारख्या चिठ्ठ्या एकत्र करावयाच्या, मग ढीग क्रमाने लावावयाचे आणि मोठ्याने वाचीत नको ते शब्द गाळावयाचे. आपल्या गल्लीतल्या गटाराबद्दल किंवा बंद दिव्याबद्दल नगरपालिकेला अर्ज लिहावयाचा असेल, तर ही रीत आपल्या मुलांनाही जमेल. अर्ज खरोखर पाठवावा मात्र!

आता शुद्धलेखनाचे काय, असे कोणी विचारील. चुका तशाच सोडाव्या असे मी म्हणत नाही. पण क्रम सांभाळावा. मुलाने काय लिहिले आहे त्याला आधी उत्तर द्यावे आणि अक्षरांकडे नंतर वळावे. भिंतीवर लावण्यासाठी दुसऱ्यांदा लिहिताना एकाच प्रकारची चूक हाती घ्यावी. आज ऱ्हस्व-दीर्घ, पुढच्या आठवड्यात विरामचिन्हे. आणि घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाने तसेच लिहिले तर वर्गाला हसू देऊ नये. ती त्याच्या आईची बोली आहे. ‘पुस्तकात पाणी असे लिहितात’ एवढे सांगितले की पुरे. एकदा हसे झालेले मूल पुढे बरेच दिवस सुरक्षित तेवढेच लिहिते, म्हणजे दुसऱ्याचे उतरवलेले.

भगिनींनो, हा केवळ परीक्षेच्या गुणांचा प्रश्न नाही. आपल्या आज्यापणज्यांपैकी कित्येकींनी कागद वाचता न येता त्यावर अंगठा उठवला. आजची मुलगी सही करील. परंतु आपले म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडता आले नाही, तर अर्ज आणि तक्रार तिला दुसऱ्याच्याच हातून लिहून घ्यावी लागेल. दुसऱ्याच्या हातून लिहिलेल्यात दुसऱ्याचे म्हणणे शिरावयास वेळ लागत नाही.

शेवटी एक सूचना, थोडी धीटपणे करते. आपले मंडळ दरवर्षी निबंधस्पर्धा घेते व पहिल्या तिघांना बक्षिसे देते. स्पर्धा जरूर असावी. पण तिघांखेरीज उरलेल्या मुलांचे निबंध कोणी वाचले, हे त्या मुलांना कधी कळत नाही. यंदा प्रत्येक सभासद भगिनीने दोन निबंध घरी न्यावे आणि प्रत्येकाखाली दोन ओळींचे उत्तर लिहावे. ‘छान’, ‘सुंदर’ असा शेरा नको, एखादा खरा प्रश्न विचारावा : ‘तुझ्या आजीची विहीर आता कोठे आहे?’ मूल त्याचे उत्तर लिहून आणते की नाही, ते पाहाच. या कामाला पैसा लागत नाही, दुपारचा अर्धा तास लागतो.

अध्यक्षबाईंनी अनुमती दिली तर सभा संपल्यावर दाराजवळच्या टेबलावर मी वह्या मांडून ठेवते. जाताना ज्यांना शक्य असेल त्यांनी दोन वह्या घेऊन जाव्या.