डिझेल एंजिन बिघडते तेव्हा : दोष मालकाचा की कारखानदाराचा?

धाराशिव जिल्ह्यात सोयाबीनच्या मळणीचे दिवस आले म्हणजे भूम-परंड्यापासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंत ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रे यांची घरघर रात्रंदिवस ऐकू येते. पावसाने उघडीप दिलेली असते, मजूर मोठ्या मिनतवारीने मिळालेले असतात, शेतात गंजी झाकून ठेवलेली असते. आणि अशा ऐन वेळी एंजिन काळा धूर ओकू लागते, त्याचा जोर ओसरतो व अखेर ते बंद पडते. मग वादास आरंभ होतो. मालक म्हणतो, कारखान्याने सदोष माल गळ्यात बांधला. विक्रेता म्हणतो, मालकाने निगा राखली नाही. कारखान्याचा प्रतिनिधी येतो आणि हमीपत्रातील एका कलमावर बोट ठेवतो. तोवर आभाळ पुन्हा भरून येते, गंजी भिजते, कर्जाचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेस उभा राहतो.

या वादात बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याची सरशी होते. वस्तुतः दोष कोणाचा याचा पुरावा त्या मोडलेल्या लोखंडावरच उमटलेला असतो. तो वाचण्यापूर्वीच पुसला जातो, हेच खरे दुखणे आहे.

हा वाद या यंत्राच्या जन्माइतकाच जुना आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञाचे एंजिन १८९७ साली ऑग्सबुर्ग येथील कारखान्यात यशस्वी ठरले. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांहून कितीतरी कमी इंधनात ते काम करीत असे. परंतु पुढील एकदोन वर्षांत तीच एंजिने गिऱ्हाइकांच्या हाती पडली आणि वारंवार अडू लागली. परीक्षागृहात निष्णात तंत्रज्ञांच्या देखरेखीखाली चाललेले यंत्र आणि साध्या कामगाराच्या हाती दिवसभर राबणारे यंत्र, यांत किती अंतर असते ते तेव्हा दिसून आले. कारखान्याला आणखी काही वर्षे खपून सुधारणा कराव्या लागल्या, तेव्हा कोठे हे एंजिन जगाच्या विश्वासास पात्र झाले. गिऱ्हाईक अडाणी आहे असे म्हणून तो कारखाना थांबला असता, तर या यंत्राचा इतिहास तेथेच संपला असता.

महाराष्ट्रात सातारा रोड येथील कूपर कारखान्याने १९३० नंतरच्या दशकात डिझेल एंजिने घडविली. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पुढे खेडोपाडी विजेच्या तारा पोहोचण्यापूर्वी पुष्कळ विहिरींवरील मोट सुटली, ती या तेल-एंजिनामुळेच. त्या काळची कित्येक एंजिने मिनिटास सुमारे ६५० फेरे घेणारी, जड चाकाची आणि सोशिक प्रकृतीची असत. गावचा मेस्त्री ती उघडी आणि पुन्हा जुळवी. आजच्या ट्रॅक्टरचे एंजिन मिनिटास २००० च्या आसपास फेरे घेते. जुन्या सोशिकपणाच्या आठवणीवर नवे एंजिन चालविणे, हे अनेक बिघाडांचे मूळ आहे.

या एंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळा ते वीसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, त्यामुळे ती ५०० अंश सेल्सियसहून अधिक तापते. त्या तप्त हवेत इंधनाची सूक्ष्म फवार सुटते आणि ते पेट घेते. हवा दाबली जाण्यासाठी पिस्टनच्या रिंगांनी सिलिंडरला घट्ट चिकटून राहिले पाहिजे, आणि फवार नीट सुटण्यासाठी नोझलमधील सुई मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने बसली पाहिजे. म्हणून या यंत्राचे वैरी तीनच : हवेतील धूळ, इंधनातील पाणी व कचरा, आणि तेलाचा किंवा थंडाव्याचा अभाव. धाराशिवच्या मळणीत हे तिन्ही एकाच वेळी हजर असतात. सोयाबीनचा भुसा हवेच्या गाळणीत शिरतो, रेडिएटरच्या जाळीवर थर धरतो. पिंपातून ओतलेल्या डिझेलमध्ये पाणी उतरते. आणि विंधन विहिरीचे जड पाणी रेडिएटरमध्ये भरले, तर आत क्षारांची पुटे चढतात.

मालकाकडे येणारा दोष येथूनच सुरू होतो. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या पुस्तिकांत २५० तासांनी तेल बदलण्यास सांगितलेले असते. वर्षभर अधूनमधून चालणाऱ्या ट्रॅक्टरला हे तास भरण्यास कित्येक महिने लागतात. परंतु मळणीत तो दिवसाला पंधरा तास चालला, तर सतराव्या दिवशीच ती मर्यादा ओलांडली जाते. “हंगाम उरकला की तेल बदलू” असे म्हणणारा मालक दिनदर्शिका पाहतो. एंजिन तास मोजते. कोणी फाटकी गाळणी काढून फेकतो आणि हवेची वाट मोकळी झाली असे समजतो. कोणी पंपाचे सील तोडून इंधन वाढवितो, म्हणजे अधिक जोर मिळेल. या कृत्यांचा दोष कारखान्याच्या माथी मारता येणार नाही.

तथापि येथे एक गोष्ट विसरता कामा नये. यंत्राचा मालक आणि यंत्र चालविणारा हे पुष्कळदा निरनिराळे असतात. चालक एकराच्या हिशेबाने पैसे घेतो, आणि मालकाच्या डोक्यावर बँकेचा हप्ता असतो. अशा स्थितीत गाळणी झाडण्यासाठी अर्धा तास यंत्र थांबविणे, हा दोघांनाही तोटा वाटतो. निष्काळजीपणाला अशी अर्थकारणाचीही बाजू आहे.

आता कारखानदाराची बाजू पाहावी. धूळ हे त्याच्या दृष्टीने अनपेक्षित संकट नव्हे. ज्या प्रदेशात तो यंत्र विकतो, तेथे ज्वारी, तूर, हरभरा, सोयाबीन यांची मळणी होते हे त्यास ठाऊक असते. हवा ओढण्याचे तोंड भुशाच्या लोटातच येईल अशा जागी ठेवणे, रेडिएटरची जाळी झाडण्यासाठी हात पोहोचू नये अशी मांडणी करणे, हे रचनेचे दोष होत. सूचनापुस्तिका चालकास वाचता येईल अशा भाषेत नसेल, तर “सूचना दिली होती” हा बचावही लंगडा पडतो. शिवाय एकाच गावात एक एंजिन बिघडले तर मालकाकडे पाहावे. परंतु अनेक गावांत, निरनिराळ्या मालकांकडे, तोच भाग तितक्याच तासांनी मोडू लागला, तर सर्व मालक एकदम निष्काळजी झाले असे कोणीही सुज्ञ मानणार नाही. मात्र अशा तक्रारींची एकत्र नोंद मालकांपाशी नसते, ती कारखान्यापाशी असते.

मोडलेला भाग काय सांगतो, तेही श्रोत्यांनी लक्षात घ्यावे. धुळीने झिजलेला सिलिंडर वरच्या बाजूस, जेथे पहिली रिंग परत फिरते, तेथे सर्वाधिक झिजतो. बोट फिरविले की तेथे पायरी लागते. हवेच्या नळीच्या आतून बोट फिरवून ते धुळीने माखले, तर धूळ कोणत्या भेगेतून आली ते शोधता येते. बेअरिंग वितळले असेल, तर आधी तेल किती शिल्लक आहे ते पाहावे. तळ कोरडा असेल तर प्रश्न मालकास विचारावा. तेल भरपूर असून पंप मोडला असेल, किंवा तेलाच्या वाटेत ओतकामाची वाळू अडकलेली असेल, तर कारखान्यास. नोझलच्या सुईवर गंज असेल, तर इंधनात पाणी होते. मग ते पंपावरून आले की शेतातील पिंपातून, याचा तपास करावा.

क्रँकशाफ्ट मोडला असेल, तर मोडलेल्या तोंडावर पुष्कळदा शिंपल्यावरील वलयांसारख्या रेषा दिसतात. त्या रेषा ज्या बिंदूपासून पसरल्या, तेथे मूळ भेग होती. त्या बिंदूशी धातूत पोकळी असेल, तर दोष घडणीचा होय. परंतु शाफ्ट पूर्वी स्थानिक कारखान्यात घासून घेतला असेल आणि कडेची गोलाई राखली गेली नसेल, तर दोष ना मालकाचा ना मूळ कारखानदाराचा. तो घासणाऱ्याचा होय. दोघांच्या वादात हा तिसरा, आणि त्याच्या जोडीने बनावट गाळणी विकणारा चौथा, नेहमी सुटून जातो.

हे सारे वाचता यावयाचे, तर भाग जागेवर राहिला पाहिजे. प्रत्यक्षात हंगामाच्या घाईत मेस्त्री रातोरात एंजिन खोलतो, जुने तेल ओतून देतो आणि मोडके सामान भंगारात जाते. मग तक्रार उरते, पुरावा उरत नाही. नव्या एंजिनांत ही अडचण निराळ्या रूपाने येते. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. हे नियम पाळण्यासाठी अनेक एंजिनांत विद्युत्-नियंत्रित इंधनयोजना आली असून तिच्यातील इंधनाचा दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींहून अधिक असतो. बिघाडाची नोंद आता एंजिनाच्या नियंत्रकात उमटते, परंतु ती वाचण्याचे साधन बहुधा कंपनीच्या अधिकृत दुरुस्तीगृहातच असते. ज्याच्यावर आरोप, त्याच्याच हाती पुराव्याची किल्ली, ही व्यवस्था न्याय्य नव्हे. ती नोंद मालकास लेखी मिळाली पाहिजे.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही; परंतु केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून ती वापरणारा ग्राहकच मानला जातो. तेव्हा स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः चालवून पोट भरणाऱ्याला जिल्हा आयोगाचे दार बंद नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तेथे गेले पाहिजे. परीक्षेवाचून वस्तूतील दोष ठरत नसेल, तर आयोग ती योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पण प्रयोगशाळेकडे पाठविण्यास काही उरले तर पाहिजे!

म्हणून एंजिन बंद पडताच मालकाने प्रथम तासमापकावरील आकडा टिपून घ्यावा, गाळणी व नळी जागेवर असतानाच छायाचित्रे घ्यावीत, थोडे तेल व डिझेल स्वच्छ बाटल्यांत भरून ठेवावे आणि विक्रेत्यास लेखी कळवून त्याच्या समक्ष एंजिन उघडावे. मोडके भाग आपल्या ताब्यात ठेवावेत. तेल केव्हा बदलले याची एक वही चालकापाशी असावी. ती नसेल तर खऱ्या मालकालाही आपला खरेपणा सिद्ध करता येत नाही. कारखानदारानेही हंगामात तालुक्याच्या गावी जाणता माणूस ठेवावा, आणि तक्रार नाकारावयाची तर कोणता भाग कोणत्या कारणाने मोडला ते लेखी द्यावे. “निगा राखली नाही” एवढ्या तीन शब्दांनी ज्याचे वर्षाचे पीक पावसात गेले, त्याला उत्तर मिळत नाही.