कॅमेरा बोलतो, पण त्याचं घड्याळ बरोबर आहे का?

कानात इयरफोन घालून बसमध्ये असाल, रंकाळ्यावर चालत असाल, नाहीतर कामावर असताना एका कानात लपवून ऐकत असाल, तुमचं स्वागत. आजचा विषय मला खूप जणांनी सुचवलाय. सीसीटीव्ही. कारण माझा धंदाच तो. गेली कैक वर्षं मी कोल्हापुरात कॅमेरे बसवतो, दुरुस्त करतो, आणि लोकांच्या शिव्याही खातो.

"दादा, कुठला कॅमेरा घेऊ?" हा प्रश्न मला रोज येतो. त्याचं उत्तर देतोच. पण आधी एक प्रसंग सांगतो. त्यात चूक माझी आहे, म्हणून सांगायला जरा जड जातंय.

लक्ष्मीपुरीत एक धान्याचं दुकान. मालकांना मी काका म्हणतो. एका रात्री साडेदहाला त्यांचा फोन. "अरे, गल्ल्यातलं अठरा हजार गेलंय. पोरगं कॅमेऱ्यात घावलंय. पेन ड्राइव्हवर काढून दे, सकाळी चौकीत द्यायचंय." मी गाडीला किक मारली आणि गेलो. दुकानाचं शटर अर्धं खाली. आत काका, घरची दोन माणसं, आणि पोत्यावर बसलेला तो कामाचा पोरगा. विशीचा असेल. रडून डोळे लाल झालेले.

काकांचं म्हणणं असं. ते दीड वाजता जेवायला घरी गेले आणि सव्वादोनला परत आले. मधे दुकान घरच्या माणसावर सोपवलेलं, आणि तो माणूस म्हणतो, मी मागं गोदामात होतो. पोराला मार्केट यार्डात गुळाचे नमुने आणायला धाडलेलं. आणि फुटेजमध्ये १ वाजून ४१ मिनिटांनी हाच पोरगा गल्ला उघडतोय, नोटा काढतोय आणि बाहेर जातोय. स्पष्ट दिसतंय. चेहरा, शर्ट, सगळं.

पोरगा एकच घोकत होता, "दादा, मी त्या वेळेला यार्डात होतो ओ." शेवटी त्याने मोबाइल पुढं केला. चहाचे वीस रुपये त्याने स्कॅन करून दिलेले. वेळ होती १ वाजून ४४ मिनिटं.

आता एक माणूस एकाच वेळी लक्ष्मीपुरीत आणि मार्केट यार्डात कसा असेल? काका म्हणाले, दुसऱ्यानं पैसे दिले असतील त्याच्या फोनवरनं. मी मात्र डीव्हीआरच्या स्क्रीनकडं बघितलं, मग माझ्या मोबाइलकडं. मोबाइलमध्ये ११ वाजून ९ मिनिटं. डीव्हीआरमध्ये १० वाजून २२ मिनिटं.

सत्तेचाळीस मिनिटं मागं!

म्हणजे कॅमेऱ्यातले १:४१ म्हणजे खरे २:२८. त्या वेळी काका परत आले होते. दुकानासमोर टेम्पो उभा होता आणि काकांनीच पोराला सांगितलं होतं, "गल्ल्यातनं हमालांचं पैसे दे जा." हे काकांना आठवलं तेव्हा ते खुर्चीत बसले ते बसलेच. मग आम्ही खऱ्या दीड ते सव्वादोनचं, म्हणजे कॅमेऱ्यातलं १२:४३ ते १:२८ चं फुटेज लावलं. त्यात जे दिसलं ते घरातलं आहे. मी ते इथं सांगणार नाही. चौकीत कोणी गेलं नाही एवढंच सांगतो.

तर माझी चूक काय? डीव्हीआरच्या आत घड्याळासाठी बटणासारखा एक छोटा सेल असतो, बहुतेक वेळा सीआर २०३२, तीन व्होल्टचा. तो संपला की लाइट गेल्यावर घड्याळ थांबतं. काही मशीन लाइट आल्यावर थेट २००० साल दाखवतात, ते निदान लक्षात तरी येतं. काही मात्र बंद पडताना जी वेळ होती तिथनंच पुढं चालू होतात. दहा मिनिटं लाइट गेली की दहा मिनिटं मागं. असं साचत साचत सत्तेचाळीस. त्या दुकानात मी दोन महिन्यांपूर्वी गेलो होतो. वेळ चुकलेली दिसली, हातानं नीट केली, सेल नंतर बदलू म्हटलं आणि विसरलो. वीस-तीस रुपयांचा सेल. त्यापायी एक पोरगं चौकीत बसलं असतं.

त्यामुळं आज फोन ठेवल्यावर पहिलं काम हे करा. घरी, दुकानात, सोसायटीत जिथं डीव्हीआर असेल तिथं स्क्रीनवरची वेळ आणि मोबाइलची वेळ शेजारी शेजारी ठेवून बघा. मशीन नेटला जोडलेलं असेल तर सेटिंगमध्ये एनटीपी नावाचा पर्याय असतो, तो चालू करा आणि टाइम झोन जीएमटी अधिक ५:३० ठेवा. मग घड्याळ नेटवरनं स्वतःच जुळतं. पण सेल बदलायचाच. नेट काय, आज आहे उद्या नाही.

वेळेवरनं किती मोठं काही ठरू शकतं याचं आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे. जालना. २०१४ ची विधानसभा. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, खोतकरांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी ३ ची मुदत संपल्यावर दाखल झाला. पुरावा कुठला? निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं आणि बाहेरचं व्हिडिओ चित्रीकरण. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं २०१७ मध्ये ती निवड रद्द केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १४ जुलै २०२० ला तीन न्यायमूर्तींनी निकाल कायम ठेवताना एक गोष्ट पक्की केली. मूळ यंत्र कोर्टात आणलं नाही आणि नुसती कॉपी दिली, तर सोबत प्रमाणपत्र हवंच. तेव्हा ते पुरावा कायद्याचं कलम ६५ ब होतं. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात ते कलम ६३ झालं. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो.

म्हणून मोबाइलनं टीव्हीच्या स्क्रीनचं शूटिंग करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला व्हिडिओ बातमीला चालतो, कोर्टाचं काम त्यानं होत नाही. घटना घडली की डीव्हीआरमधनं मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, आणि लगेच घ्या. लगेच का, ते आता सांगतो.

डिस्क भरली की मशीन जुन्यावर नवं लिहितं. हिशोब सोपा आहे. एका सेकंदाला एक मेगाबिट या दरानं दिवसाला सुमारे १०.८ जीबी लागतं. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच २६५ वर साधारण २ मेगाबिट घेतो असं धरा, म्हणजे दिवसाला २१-२२ जीबी. चार कॅमेरे, ८६ जीबी. एक टीबीची डिस्क अकरा दिवसांत भरते. जुन्या एच २६४ वर ४ मेगाबिट लागले तर पाच-सहा दिवसांत. गणपतीला गावाला जाऊन पंधरा दिवसांनी आलात आणि चोरी पहिल्याच दिवशी झालेली असली, तर बघायला काय मिळणार? आणि डिस्क घेताना सर्व्हेलन्सची मागा. कॉम्प्युटरातली जुनी काढून लावणारे लोक आहेत. ती चोवीस तास लिहायला बनवलेलीच नसते.

आता तो प्रश्न, कुठला कॅमेरा घेऊ. भावांनो, मेगापिक्सेल विचारायच्या आधी मला हे सांगा की तुम्हाला कोणाचं काय बघायचंय, आणि किती अंतरावरनं. अनोळखी माणूस ओळखू यायचा तर चित्रात एका मीटरला २५० पिक्सेल पडावेत असं युरोपातलं मानक सांगतं. दोन मेगापिक्सेलचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. भागाकार करा, पावणेआठ मीटर रुंदीपर्यंतच चेहरा ओळखण्यासारखा. सगळ्यात जास्त खपणारी लेन्स २.८ मिलिमीटरची, ती खूप रुंद बघते. तिच्यात ही पावणेआठ मीटर रुंदी अवघ्या तीन मीटरवर होते. म्हणजे दहा फूट! त्यापुढं माणूस आहे एवढं कळतं, कोण आहे ते कळत नाही. तोच कॅमेरा ६ मिलिमीटरच्या लेन्सचा घेतला तर आठ मीटरपर्यंत चेहरा मिळतो, फक्त आजूबाजूचं कमी दिसतं. म्हणून एक कॅमेरा सगळ्या दुकानासाठी रुंद, आणि दुसरा दाराच्या चौकटीवर अरुंद, माणसाच्या तोंडाच्या उंचीच्या थोडा वर. दहा फुटांवर टांगलेला कॅमेरा टोप्या आणि टकलं फार छान दाखवतो.

महाद्वार रोड, गुजरी या भागात अजून एक भानगड. दुकान अंधारं, रस्ता उजेडात. दारातनं येणारा माणूस काळी सावली दिसतो. तिथं डब्ल्यूडीआर असलेला कॅमेरा घ्या आणि सेटिंगमध्ये ते चालू आहे का बघा. कॅमेऱ्यात सोय असते, पण बसवणारा चालूच करत नाही, असं मी कितीदा बघितलंय.

वायरचा घ्यावा की वाय-फायचा? भाड्याच्या खोलीत, एका दारासाठी वाय-फायचा चालतो. तो जोडताना "डिव्हाइस मिळत नाही" म्हणाला, तर फोन ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर आहे का बघा. स्वस्त कॅमेऱ्यांना फक्त २.४ कळतं. मेमरी कार्ड नावाजलेल्या दुकानातनंच घ्या, खोट्या कार्डांचा सुळसुळाट आहे. पण दुकान, कारखाना असेल तर वायरच. नेटवर्क केबल शंभर मीटरपर्यंतच चालते, कोअ‍ॅक्स त्याहून लांब जाते.

बिघाडांत सगळ्यात जास्त येणारा फोन सांगतो. "दिवसा चालतोय, रात्री बंद पडतोय." लोक कॅमेराच बदलतात. अहो, रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट जास्त ओढला जातो, आणि लांब बारीक वायरवर बारा व्होल्टचे दहा होतात. कॅमेरा बंद, दिवे बंद, व्होल्टेज परत चढतं, कॅमेरा चालू. रात्रभर हेच. दिवे लागलेले असताना कॅमेऱ्याच्या टोकाला मीटर लावून व्होल्टेज बघा. वायर जाड करा नाहीतर सप्लाय जवळ आणा.

रात्री चित्र पांढरं धुकट? तंत्रज्ञ बोलवायच्या आधी झाडू घ्या. दहातल्या निम्म्या वेळा कोळ्याचं जाळं असतं. उद्यमनगरात मशीन चालू झाल्या की चित्रात आडवे पट्टे सरकतात. तिथं अर्थिंग बघायचं, आणि कॅमेऱ्याची वायर मोटारीच्या वायरीला लागून ओढली नाही ना, ते. आणि आपल्याकडचा पाऊस! बीएनसी पिन उघडी भिंतीवर लोंबत ठेवली की जुलैत चित्र गेलंच. जोड डबीत ठेवा, आणि वायरीला डबीत शिरण्याआधी खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथनंच गळून जातं.

पाण्यावरनं आठवलं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे आपल्याकडं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. दोन्ही वेळेला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. शाहूपुरीतल्या व्यापारी पेठेत मी पूर ओसरल्यावर गेलो, तर जवळपास प्रत्येकाचा डीव्हीआर काउंटरखाली. चिखलात. आता मी पूरपट्ट्यात मशीन पोटमाळ्यावरच बसवतो, कोणी नको म्हटलं तरी. आणि बुडालेली डिस्क वाळवून, "बघू चालतीय का" म्हणून सप्लायला लावू नका. तिथंच मरते. आतलं हवंच असेल तर तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडं न्या.

शेवटचं, पासवर्ड. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, कारण कंपनीनं दिलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. लांबचं वाटतंय? फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं बायकांच्या तपासणीचं फुटेज इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांत आपल्या शेजारच्या सांगलीकडचाही एक तरुण होता. पासवर्ड अ‍ॅडमिनसारखा असेल तर आज रात्रीच बदला, आणि बसवणाऱ्याला, म्हणजे मलाही, तो सांगू नका. ज्या खोलीत माणसं कपडे बदलतात तिथं कॅमेरा नको, कोणी कितीही पैसे दिले तरी. नवा घेताना सरकारच्या सुरक्षा चाचणीत पास झालाय का तेही विचारा, एप्रिल २०२५ पासून ते बंधनकारक झालंय.

त्या पोराचं काय झालं, असं विचाराल. काकांनी दुसऱ्या दिवशी त्याची माफी मागितली, सगळ्यांसमोर. पगारही वाढवतो म्हणाले. पोरगा महिनाभर आला आणि मग सोडून गेला. आता माझ्याबरोबर शिडी धरतो. परवा एका डीव्हीआरचं झाकण उघडल्यावर मी काही म्हणायच्या आत त्यानं खिशातनं नवा सेल काढला.

चला, तुमच्या मशीनची वेळ किती मिनिटं पुढंमागं निघाली ते कळवा. भेटू पुढच्या भागात.