बल्क कूलरची झडप आणि गावचे दूध



डिचोली तालुक्यातील शिरगावचे नाव निघताच श्री लईराई देवीची जत्रा आणि लोहखनिजाच्या खाणी यांचे स्मरण होते. 2012 साली गोव्यातील खाणकाम थांबले, तेव्हा खाणीवर विसंबून असलेल्या कुटुंबांना उत्पन्नाच्या अन्य साधनांचा विचार करणे भाग पडले. शेती, कुळागर आणि गोठा ही साधने या भागास नवीन नव्हती. दुभती जनावरे घेण्यासाठी शासनाची कामधेनू योजना आहे आणि कुर्टी येथील दूध उत्पादक संघामुळे दुधाला बाजारपेठही आहे. परंतु गोठ्यातून निघालेले दूध ग्राहकाच्या घरी पोहोचेपर्यंत नासता कामा नये, ही या व्यवसायाची पहिली अट होय. ती अट ज्या लहानशा भागावर अवलंबून असते, त्या थर्मोस्टॅटिक एक्स्पान्शन व्हॉल्व्हची, म्हणजेच बल्क कूलरमधील प्रसरण झडपेची, ओळख प्रत्येक दूध संस्थेस असणे अगत्याचे आहे.

धारोष्ण दुधाचे तापमान सुमारे 37 अंश सेल्सिअस असते. या उबेत जीवाणूंची संख्या अवघ्या अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकते. तेच दूध तीन-चार तासांत 4 अंशांपर्यंत थंड केले, तर ही वाढ पुष्कळ अंशी रोखली जाते. बल्क कूलरच्या टाकीत सर्व सभासदांचे दूध एकत्र होते. म्हणून यंत्र बिघडले तर नुकसान एका घराचे होत नाही. पहाटे उठून धार काढणाऱ्या प्रत्येक घराचे होते.

थंडावा निर्माण होतो तो कसा? मातीच्या मडक्यातील पाणी पाझरून त्याची वाफ होते आणि आतील पाणी गार होते. द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो, हा निसर्गनियम आहे. बल्क कूलरमध्ये हेच कार्य विशिष्ट गॅस करतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये तो थंड होऊन द्रवरूप होतो आणि टाकीच्या तळाशी असलेल्या बाष्पकात, म्हणजे इव्हॅपोरेटरमध्ये, उकळून दुधाची उष्णता घेऊन जातो. बाष्पकात किती द्रव सोडावा, हे ठरविण्याचे काम प्रसरण झडप करते.

कुळागरात पाटाचे पाणी सोडणारा माणूस काय पाहतो? पाणी शेवटच्या पोफळीपर्यंत पोहोचावे, पण बांध ओलांडून वाया जाऊ नये. झडपेचे कामही तेच. द्रव कमी सोडला तर बाष्पकाचा काही भाग कोरडा राहतो, दूध उशिरा थंड होते आणि विजेचे बिल वाढते. द्रव अधिक सोडला तर तो न उकळताच कॉम्प्रेसरकडे परत जातो आणि कॉम्प्रेसरची हानी करतो.

झडपेस हा अंदाज देतो तो बारीक नळीने जोडलेला तिचा बल्ब. हा बल्ब बाष्पकातून बाहेर पडणाऱ्या नळीस बांधलेला असतो. नळी तापली की बल्बमधील दाब वाढून झडप उघडते. बाष्पकातील दाब आणि झडपेतील स्प्रिंग तिला मिटू पाहतात. या तिन्ही बलांच्या समतोलावर प्रवाह ठरतो. सहकारी दूधधंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या डेन्मार्कमध्ये मॅड्स क्लाउसेन यांनी 1933 साली आपल्या शेतकरी कुटुंबाच्या घरी अशाच झडपा बनविण्यास आरंभ केला. त्यातूनच डॅनफॉस हा उद्योग उभा राहिला.

झडप बसविताना पुढील गोष्टी कटाक्षाने पाळावयाच्या असतात. झडप यंत्रातील गॅससाठीच बनविलेली असावी. मॉन्ट्रियल करारान्वये आर-22 हा गॅस टप्प्याटप्प्याने बंद होत असल्याने जुन्या यंत्रांत गॅस बदलला जातो. अशा वेळी जुनी झडप चालेलच असे नाही. झडप बाष्पकाच्या तोंडाशी बसवावी आणि तिच्या आधी फिल्टर-ड्रायर असावा. नळीला डाग देताना झडपेवर ओले फडके गुंडाळावे, अन्यथा आतील नाजूक भाग उष्णतेने निकामी होतात. कोकण-गोव्याच्या पावसाळी हवेत एक धोका अधिक: नळ्यांत शिरलेली ओल झडपेच्या बारीक छिद्रात गोठते. यास्तव गॅस भरण्यापूर्वी व्हॅक्यूम पंपाने नळ्या पूर्ण कोरड्या करणे अनिवार्य आहे.

बल्बची जागा सर्वांत महत्त्वाची. तो सरळ, आडव्या आणि घासून स्वच्छ केलेल्या नळीवर धातूच्या पट्टीने घट्ट बांधावा. बारीक नळीवर तो माथ्याशी असावा. सुमारे 22 मिलिमीटर किंवा त्याहून जाड नळीवर घड्याळातील चार किंवा आठ वाजण्याच्या जागी असावा. नळीच्या तळाशी तो कधीही बांधू नये, कारण तेथून वाहणारे तेल त्याची दिशाभूल करते. नंतर त्यावर उष्णतारोधक वेष्टण घालावे. उघडा वा सैल बल्ब नळीऐवजी खोलीची उष्णता मोजतो आणि झडप विनाकारण उघडी राहते. समदाब नळी असल्यास ती बल्बच्या पुढे, कॉम्प्रेसरच्या बाजूस जोडावी.

काम बरोबर झाले की नाही, हे 'सुपरहीट' मोजून कळते. दाबमापकावरून व गॅसच्या तक्त्यावरून उकळण्याचे तापमान काढावे. बल्बजवळील नळीचे तापमान थर्मामीटरने घ्यावे. पहिले शून्याखाली 2 अंश आणि दुसरे शून्यावर 4 अंश असेल, तर सुपरहीट 6 अंश झाले. सामान्यतः 5 ते 6 अंश योग्य मानले जातात. उत्पादकाची सूचना वेगळी असल्यास ती प्रमाण मानावी. स्क्रू फिरविण्याची घाई करू नये. गॅस कमी असणे, कंडेन्सरवर धूळ बसणे, फिल्टर तुंबणे या दोषांचे खापर अनेकदा झडपेवर फुटते. ते तपासल्यावरच स्क्रू पाव ते अर्धा फेरा फिरवावा आणि पंधरा-वीस मिनिटे थांबून पुन्हा मोजावे.

हे काम प्रशिक्षित मेकॅनिकचेच आहे, हे निर्विवाद. परंतु त्याच्या बिलावर सही करतात ते दूध संस्थेचे सचिव. टाकी त्या दिवशी थंड झाली एवढ्यावर समाधान मानू नये. श्रावणात निभावलेले सदोष काम वैशाखात उघडे पडते, आणि वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेला तर गावात पाहुण्यांची रीघ लागलेली असते. म्हणून सही करण्यापूर्वी सचिवांनी चार गोष्टी स्वतः पाहाव्यात: झडपेवर गॅसचे नाव योग्य आहे काय, बल्ब घट्ट आहे काय, वेष्टण घातले आहे काय, आणि सुपरहीटचा आकडा नोंदवहीत लिहिला आहे काय. दूध किती वेळात 4 अंशांवर आले, याचीही नोंद दररोज ठेवावी. हा वेळ वाढू लागला की बिघाडाची सूचना आधीच मिळते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हे यंत्र अवश्य दाखवावे. बाष्पीभवनाचा पाठ तेथे डोळ्यांनी पाहता येतो, आणि त्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून हीच विद्या शिकून गावी परतेल. अधिकाऱ्यांनीही यंत्राच्या मंजुरीबरोबर त्याच्या देखभालीची विचारपूस करावी. अनुदानाने यंत्र गावात येते. ते चालते राहते ते गावाच्या दक्षतेने.