बाळाचा श्वास मोजावा



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी शरीरशास्त्रावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु शहापूर व मुरबाड या आपल्या तालुक्यांत असे कित्येक पाडे आहेत की, जेथून ऐन पावसाळ्यात दवाखाना गाठणे दुर्घट होते. तेथे या विषयाच्या अल्पशा ज्ञानावरही एखाद्या बालकाचे प्राण अवलंबून असतात. म्हणून आपण लक्षपूर्वक ऐकावे, अशी विनंती आहे.

प्रथम श्वसनेंद्रियांची रचना पाहू. नाकावाटे घेतलेली हवा तेथेच गाळली जाते, उबदार व ओलसर होते, आणि घसा व स्वरयंत्र ओलांडून श्वासनलिकेत उतरते. ही नलिका प्रौढ मनुष्यात सुमारे चार इंच लांब असून छातीत तिच्या दोन शाखा होतात व त्या दोन्ही फुप्फुसांत शिरतात. उजव्या फुप्फुसाचे खंड तीन, डाव्याचे मात्र दोनच. कारण त्या अंगास हृदयाला जागा द्यावी लागते. पुढे वृक्षाप्रमाणे या शाखांना उपशाखा फुटत जातात, आणि शेवटच्या डहाळ्यांना द्राक्षांच्या घोसांसारखे सूक्ष्म वायुकोश लागलेले असतात. प्रौढाच्या छातीत त्यांची संख्या तीस ते पन्नास कोटी भरते. त्यांच्या अतिशय पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात जातो आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

आता या यंत्राचे कार्य पाहू. लोहाराचा भाता आपोआप फुगत नाही, तो कोणी तरी ओढावा लागतो. फुप्फुसांचेही तसेच आहे. छाती व पोट यांमधील श्वासपटल खाली सरते, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीतील पोकळी वाढते आणि हवा आत येते. या भात्याची गती मेंदूच्या तळाशी असलेले केंद्र ठरविते. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढताच हे केंद्र श्वास वाढविते, असे हॉल्डेन व प्रीस्टली या दोघां शास्त्रज्ञांनी १९०५ साली दाखवून दिले. प्राणवायू फार घटला, तरीही श्वास वाढतो. माहुलीचा गड चढताना धाप लागते व माथ्यावर घटकाभर बसले असता ती शमते. हे या केंद्राचेच काम होय.

परंतु जे बाळ आईच्या मांडीवर स्वस्थ पडले आहे, त्यास धाप का लागावी? न्यूमोनियात वायुकोशांमध्ये हवेऐवजी पू व द्रव साचतो आणि फुप्फुस ताठर होते. एका श्वासात पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून बाळ अधिक वेळा श्वास घेते. रोग वाढला म्हणजे श्वास घेताना त्याच्या छातीचा खालचा भाग आत ओढला जातो. यास्तव श्वासांची संख्या हीच या रोगाची पहिली खूण समजावी.

ही खूण ओळखण्यास मोठी विद्या लागत नाही, हे आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झाले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी आरोग्यसेवकांना व गावोगावच्या सुइणींना ही परीक्षा व औषध देण्याची रीत शिकविली. ज्या सुइणींना पुरते मोजताही येत नव्हते, त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ व मणी यांचे एक साधे साधन तयार केले; दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, त्या गावांतील न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या निम्म्याहून कमी होते. जपमाळेचे मणी ओढण्याचा सराव तर आपल्या घरोघरी आहे. मग हे काम आपल्या माताभगिनींना अवघड का वाटावे?

रीत अशी : बाळ रडत किंवा दूध पीत नसावे. अंगावरचे कापड वर करून पोटाची हालचाल पाहावी व घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांखालील बालकाचे श्वास ६० किंवा अधिक भरले, तर पुन्हा एकदा मोजावे. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर बालक त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे. छाती आत ओढली जात असेल, ओठ निळसर पडले असतील, बाळ पीत नसेल अथवा निपचित पडले असेल, तर मोजण्यातही वेळ दवडू नये. आशाताईंना हाक मारून किंवा १०८ क्रमांकावर गाडी मागवून तडक रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांखालील आजारी बालकाच्या बाबतीत तर क्षणाचाही विलंब नको.

रोग होऊ नये म्हणूनही काही उपाय आपल्या हाती आहेत. पहिले सहा महिने बाळास केवळ आईचे दूध द्यावे. चुलीच्या धुराने श्वासमार्गातील सूक्ष्म केसल दुर्बळ होतात व जंतूंना वाट मिळते. यास्तव स्वयंपाक करताना बाळ धुरापासून दूर ठेवावे. न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आली आहे, तीही वेळच्या वेळी टोचून घ्यावी.

आपल्यापैकी प्रत्येक कुटुंबात निदान एका व्यक्तीने तरी ६०, ५० व ४० हे तीन आकडे मुखोद्गत करावेत आणि शेजारच्या घरी ते शिकवावेत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.