फूल कुणी पाहिलंच नाही



आज आम्ही एका फुलाची गोष्ट घेऊन आलो आहोत. ॲस्टरचं जांभळं फूल, आपल्या शेवंतीच्याच कुळातलं. त्याचा एक साधा फोटो विकिपीडियाच्या चित्रांच्या साठ्यात होता. विकिपीडिया म्हणजे कुणीही फुकट वाचावा आणि कुणीही त्यात भर घालावी असा इंटरनेटवरचा ज्ञानकोश. मराठीतही आहे, तुमच्या मुलांनी शाळेच्या प्रकल्पासाठी उघडला असेल.

फेब्रुवारी २०२१ मध्ये तो चालवणाऱ्या संस्थेतली माणसं चक्रावली. हा एकच फोटो दिवसाला सुमारे ९ कोटी वेळा मागवला जात होता. म्हणजे दर सेकंदाला हजाराच्या वर. सिंगापूरला त्यांचं एक डेटा सेंटर आहे, तिथून जेवढी चित्रं आणि व्हिडिओ मागवले जातात त्यातला पाचवा हिस्सा एकट्या या फुलाचा. आणि मागणी सगळी आपल्या भारतातून!

काय झालं असेल? फुलाचा सण होता का? कुठल्या सिनेमात दिसलं का? मागे जाऊन पाहिलं तर जून २०२० मध्ये दिवसाला काही शे मागण्या होत्या, त्या चढत चढत कोटींवर गेल्या. त्याच जूनच्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली आणि लोक दुसऱ्या ॲपांकडे वळले, हे तुम्हाला आठवत असेल. शोध घेता घेता धागा एका मोबाइल ॲपपाशी जाऊन पोचला. कुणी ते ॲप उघडलं की ते गुपचूप हा फोटो मागवायचं, आणि दाखवायचं मात्र नाही. बनवणाऱ्याने बहुधा चाचणीसाठी फोटोचा पत्ता आत लिहिला असावा आणि तो तसाच राहिला असावा. नऊ कोटी फेऱ्या रोज, आणि त्यातून फूल कुणाच्या नजरेलाच पडलं नाही. डेटा मात्र ज्याच्या त्याच्या फोनचा गेला.

सगळीच गर्दी अशी पोकळ नसते बरं का. २५ जून २००९ ला अमेरिकेतला गायक मायकल जॅक्सन अचानक गेला. बातमी फुटली आणि तासाभरात जवळजवळ दहा लाख माणसं विकिपीडियावरचा त्याचा लेख वाचायला आली. ही खरी माणसं होती, खऱ्या हळहळीने आलेली. पण लेख उघडेना. का, ते समजून घेण्यासारखं आहे.

असं बघा, एरवी लेख तयार करून ठेवलेला असतो. घरात पिठलं करून झाकून ठेवलंय, जो येईल त्याला वाढलं, इतकं सोपं. पण त्या दिवशी लेखात सारखी नवी माहिती घातली जात होती. लेख बदलला की झाकून ठेवलेलं पिठलं बाद, नवं करायचं. आणि त्याच क्षणी दारात हजारो माणसं उभी. मग त्या यंत्रांनी काय केलं? आलेल्या प्रत्येकासाठी वेगळी चूल पेटवली, तेच पिठलं हजार चुलींवर! धुराने घर भरणारच. पुढे त्यांनी उपाय केला तो कुठल्याही सुगरणीने सांगितला असता. एकीनेच करायचं, बाकीच्यांनी तेवढा वेळ थांबायचं, झालं की त्यातलंच सगळ्यांना वाढायचं. योजनेचे अर्ज भरायच्या दिवसांत तुमच्या फोनवर ते चाक नुसतं गरगर फिरत राहतं, तेव्हाही पलीकडे कुठेतरी अशाच जास्तीच्या चुली पेटलेल्या असू शकतात.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर शंभराव्या वर्षी वारले. त्यांच्या इंग्रजी लेखावर त्या दिवशी २८ लाखांहून जास्त भेटी झाल्या. तेवढं झेपलं असतं. पण बऱ्याच जणांनी १९८० सालच्या निवडणुकीतला त्यांचा दीड तासाचा वादविवादाचा व्हिडिओही लावला, आणि काही लोकांसाठी तासभर सगळं रेंगाळलं. तपासल्यावर निघालं ते वेगळंच. माणसांची गर्दी होण्याआधीच वाट अर्धी अडलेली होती, ती यंत्रांनी. आता माणसासारखं बोलणारी जी एआयची यंत्रं निघाली आहेत, त्यांना शिकवण्यासाठी बॉट नावाचे कार्यक्रम रात्रंदिवस सगळं उचलून नेत असतात. जानेवारी २०२४ पासून सव्वा वर्षात चित्रं आणि व्हिडिओ उतरवून घेण्याचा भार निम्म्याने वाढला, असं संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं. माणसं बहुतेक ठरावीक लेख वाचतात, ते फडताळात हाताशी ठेवता येतात. बॉट मात्र माळ्यावरची प्रत्येक गाठोडी सोडायला लावतो. त्यामुळे जी फेरी सर्वांत महाग पडते, तिच्यातल्या ६५ टक्के या बॉटांच्या असतात.

तरी माणसंच आली असं धरलं, तरी ती कशासाठी आली हे आकडा सांगत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये पी. व्ही. सिंधूने रिओ ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनचं रौप्यपदक मिळवलं. देशभर तिचं नाव शोधलं जात होतं. आनंदाची गोष्ट, पण गुगलवर तिच्या नावापुढे फार मोठ्या संख्येने काय विचारलं जात होतं? तिची जात. पोरीने घाम गाळून पदक आणलं आणि आपण हे शोधत बसलो. आम्हाला हे वाचून लाज वाटली, ते इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्याउलट, ३१ मार्च २०१८ ला गुगलने आपल्या पहिल्या पानावर डॉ. आनंदीबाई जोशींचं चित्र लावलं होतं. कल्याणला जन्मलेली, १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेली आणि वर्षाच्या आतच गेलेली आनंदी. त्याआधी नोव्हेंबरात डॉ. रखमाबाईंचं चित्र होतं. लहानपणी लावलेलं लग्न मला मान्य नाही, असं कोर्टात ठामपणे सांगणाऱ्या रखमाबाई. असं चित्र लागलं की त्या दिवशी अशा बायांच्या लेखांकडे पाय वळतात. दोन-तीन दिवसांत वाट पुन्हा ओस पडते. पण आलेल्यांतली एखादी मुलगी थांबून सगळं वाचते. तिचा हिशोब कुठल्या आकड्यात धरायचा?

आता हे सगळं आम्ही का सांगत बसलो? कारण आपल्या ऐकणाऱ्यांतल्या एका गटाने प्रश्न पाठवला होता. त्यांनी उडदाच्या पापडांवर एक लेख इंटरनेटवर टाकला. महिनाभर वीस-पंचवीस जणींनी वाचला असेल. मग एका रात्रीत आकडा सात हजारांवर! गटात आनंदीआनंद. लगेच बैठक झाली आणि विषय निघाला की कर्ज काढून चार क्विंटल उडदाची डाळ भरून ठेवावी. काहीजणी म्हणाल्या, सात हजारांतल्या शंभरांनी घेतले तरी पुरे.

आम्ही तिथे गेलो आणि त्यांच्या लेखनिक मुलीबरोबर बसून भेटींचा तपशील उघडला. तो कुणालाही पाहता येतो, लेख ज्याचा त्याला. कुठून आले? निम्म्याहून जास्त परदेशातून, तेही मराठी न येणाऱ्या ठिकाणांहून. किती वेळ थांबले? एक-दोन सेकंद. कधी आले? रात्री दोन ते चार, ओळीने. रात्री दोन वाजता, दोन सेकंदांत पापडाची कृती कोण वाचतं? ती सासूसुद्धा वाचणार नाही.

उरले तीनशेच्या आसपास. हे आपल्या जिल्ह्यातले, शेजारच्या दोन जिल्ह्यांतले आणि पुण्या-मुंबईचे. तीन-चार मिनिटं थांबलेले. कुणीतरी नातेवाइकांच्या गटात लेखाचा दुवा पाठवला होता, तिथून आलेले. लेखाखाली फोन नंबरच दिलेला नव्हता! तो त्याच दुपारी टाकला. पुढच्या पंधरवड्यात अकरा फोन आले, चौघींनी पापड मागवले, एकीने लग्नासाठी वीस किलोची चौकशी केली.

गटाने कर्जाचा ठराव मागे ठेवला. शिलकीतल्या पैशातून पन्नास किलो डाळ आणली. लग्नवालीचं अजून नक्की नाही, पुढच्या बुधवारी ती पापड चाखायला येणार आहे.